राखीव पाकीट

चित्रकलेच्या वर्गातल्या टेबलावर मोजून नऊ वस्तू होत्या. स्टॉपवॉच एक, टोक केलेल्या पेन्सिली तीन, खोडरबर एक, नोंदींचं पॅड एक, सरावाचं पत्रक एक, चाचणीचं पत्रक एक आणि चिकटपट्टीने बंद केलेलं तपकिरी राखीव पाकीट एक. पाकीट दोन वर्षांत एकदाही फोडावं लागलं नव्हतं. संघमित्रा ते प्रत्येक शाळेत नेई आणि तसंच परत आणी.

बारापैकी पाच मुलं वाचून गेली होती. एका मिनिटात बरोबर वाचलेले शब्द: अठ्ठ्याऐंशी, एक्क्याण्णव, एकोणऐंशी, चौऱ्याण्णव, शहाऐंशी. हीच मुलं जूनमध्ये याच टेबलापाशी अनुक्रमे सात, बारा, पंधरा, चार आणि एकोणीस शब्द वाचत होती.

चौऱ्याण्णवचा आकडा लिहिताना तिची पेन्सिल जरा थबकली होती. कॉलेजात स्टॅटिस्टिक्सच्या सरांनी पहिल्याच तासाला सांगितलं होतं, जो आकडा फार आवडतो तो दोनदा मोजावा. पण आवडणं साहजिकच होतं. मालाड पूर्वेच्या या मराठी शाळेत चौथीचा एकच वर्ग उरला होता आणि त्यातल्या वाचता न येणाऱ्या बारा मुलांसाठी शाळा सुटल्यावर दीड तास सायंवर्ग चाले. उपनगरांतल्या सहा शाळांत असे वर्ग संघमित्राच्या संस्थेने चालवले होते. जूनमध्ये मोजायचं, मार्चमध्ये मोजायचं, आणि सरासरी पंचेचाळीस शब्दांपर्यंत पोचली तर वर्ग पुढच्या वर्षीही ठेवायचा. नाही पोचली तर तो दुसऱ्या शाळेला द्यायचा. इतका सरळ नियम. वर्ग घेणाऱ्या माधुरी सावंत बाईंना तो पहिल्या दिवसापासून ठाऊक होता.

"काय मॅडम, पोरं सुसाट ना?" शिपाई दत्ताराम चहाचा ग्लास घेऊन आत आला. "बाईंनी घासून घासून लख्ख केलीत. आमच्या घरी भांडी पण एवढी घासत नाहीत."

"काका, चहा टेबलावर नको. पत्रकावर सांडला तर माझी वाट लागेल."

"सांडूंदे. आमची पोरं भिजलेलं पत्रक पण वाचतील." तो ग्लास टेबलावर ठेवूनच गेला.

सहावी निधी. अंगाने बारीक, एका वेणीची रिबीन सुटलेली. तिने दोन्ही तळवे स्कर्टला पुसले आणि खुर्चीच्या टोकावर बसली. जूनमध्ये तिने सहा शब्द वाचले होते आणि सातव्यावर रडू फुटलं होतं.

"ही परीक्षा नाही हं, निधी. आधी हे छोटं वाच. याचं घड्याळ लावत नाही मी."

सरावाच्या पत्रकावर चार ओळी होत्या: पोस्टमनकाका सायकलवरून आले, त्यांनी घंटी वाजवली. निधी हळू वाचत गेली, बोट ठेवून, जोडाक्षरापाशी श्वास घेत. तिचं होईतो संघमित्राची नजर टेबलाच्या कडेला गेली. ग्लास हलत होता. ती उठली, तो खिडकीत ठेवून आली, बसली, स्टॉपवॉच उचललं.

"आता खरं. तयार? सुरू."

"गच्चीवरच्या टाकीजवळ एक कावळा राहत होता," निधी वाचू लागली. "त्याला चमकणाऱ्या वस्तू फार आवडायच्या. एकदा त्याने जोशीकाकूंच्या खिडकीतून चमचा उचलला..."

स्वच्छ, एका लयीत. संघमित्रा आपल्या पॅडवरच्या शब्दांवरून पेन्सिलीचं टोक सरकवत होती. खूण करावी अशी एकही जागा येत नव्हती. पंधराव्या सेकंदाला पॅड मांडीवर तिरकं झालं आणि त्याच्याखालून एक कागद डोकावला. कोपऱ्यात कावळ्याचं लहानसं चित्र होतं.

चाचणीचं पत्रक तिच्याच मांडीवर होतं.

तिने मान वर केली. निधीच्या हातात पोस्टमनकाका होते. मुलीचं बोट ओळीखालून नीट सरकत होतं, डावीकडून उजवीकडे. चार ओळी संपल्या की ते पुन्हा पहिल्या ओळीवर येई; आवाज मात्र पुढे जाई. कावळा चमचा घेऊन टाकीमागे गेला. तिथे त्याने एक किल्ली, दोन बटणं आणि एक कानातला डूल जमवला होता. बोट सायकलवरून चौथ्यांदा गेलं.

संघमित्राला थांबवता आलं असतं. तिने मिनिट पुरं होऊ दिलं.

लहानपणी घाटकोपरच्या बिल्डिंगमध्ये ती अशीच वंदनेचं पुस्तक हातात धरून म्हणायची. शेजारपाजारचे कौतुक करायचे, भाऊरावांची पोर बघा कशी घडाघडा वाचते. एके दिवशी ती पान उलटायला विसरली आणि वडिलांनी नुसतं तिच्याकडे पाहिलं. ओरडले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून कामावरून आले की पाटी घेऊन समोर बसायला लागले.

"थांब," ती म्हणाली. "निधी, हे तुला कोणी शिकवलं गं?"

"बाईंनी."

"कधी?"

"रोज. सुटायच्या आधी तीनदा. एकदा एकटं आणि दोनदा सगळ्यांनी मिळून." मग तिच्या आवाजात काहीतरी बदललं. "ताई, चुकलं का माझं?"

"नाही. जा, पाणी पिऊन ये. वर्गात नको जाऊस, खाली काकांजवळ बस."

नोंदीच्या रकान्यात तिने काहीच लिहिलं नाही.

माधुरीबाई व्हरांड्याच्या टोकाला, पाण्याच्या नळापाशी उभ्या होत्या. पन्नाशीच्या, पदर खोचलेला, बोटांना खडू. संघमित्राला येताना पाहून हसल्या, आणि ती चार पावलं जवळ येईतो ते हसू उतरलं.

"मी चुकून तिच्या हातात सरावाचं पत्रक ठेवलं, बाई. तिने कावळ्याची गोष्ट वाचून दाखवली."

नळ ठिबकत होता, तो बाईंनी घट्ट केला.

"कुठून आली तुमच्याकडे?"

"तुम्हाला माहीत आहे, मॅडम."

माहीत होतंच. फेब्रुवारीतला तिसरा शुक्रवार. अंधेरीतल्या शाळेची चाचणी उरकून संघमित्रा इथे यादी तपासायला आली होती, म्हणून फाइल बरोबर. पत्रकांची फाइल क्षणभरही नजरेआड करायची नाही, हा संस्थेचा पहिला नियम. तेवढ्यात त्या बारांतल्या सम्यकच्या कपाळावर खिडकीचं दार आपटलं. रक्त पाहून ती त्याला उचलून समोरच्या डॉक्टरांकडे धावली. फाइल शिक्षकखोलीतल्या टेबलावर राहिली. परत आली तेव्हा फाइल तशीच होती, दोरीसुद्धा बांधलेली. तिने ते कुणाला सांगितलं नाही.

"फोटो काढला तुम्ही."

"हो."

"सम्यकला टाके पडत होते तेव्हा."

"हो गो बाय, तेव्हाच," बाईंचा आवाज फाटला. "आता काय सांगू तुका. मी पण त्याच्या मागे धावणार होते. दारापर्यंत गेले. आणि मागे फिरले."

त्यांनी पिशवीतून एक दोनशे पानी वही काढली आणि संघमित्राच्या हातात दिली. कव्हरवर मुलांनी काढलेली फुलं. आत बारा नावं, आणि प्रत्येकापुढे दर शुक्रवारचा आकडा. मोबाइलच्या घड्याळावर, दर वेळी नवा उतारा: कधी बिस्किटाच्या पुड्यामागचा मजकूर, कधी वर्तमानपत्रातलं बालसदर, कधी बाईंनी स्वतः लिहिलेल्या चार ओळी. जूनमध्ये सरासरी अकरा. दिवाळीत चोवीस. जानेवारीअखेर एकोणचाळीस, मग साडेचाळीस, बेचाळीस. फेब्रुवारीच्या तिसऱ्या शुक्रवारी त्रेचाळीस. पुढची पानं कोरी होती.

"हे खरे आहेत?" संघमित्राने विचारलं.

"मी माझ्याशी कशाला खोटं बोलू? दोन शब्द कमी पडत होते, मॅडम. दोन. दहा महिने घालवले आणि दोन शब्दांसाठी वर्ग जाणार. फोटो काढला तेव्हा वाटलं, पोरांना थोडंसं पुढे ढकलू, एवढंच."

"मग एक्क्याण्णव? चौऱ्याण्णव?"

"पाठ करून घ्यायला लागलं की कुठे थांबायचं ते कळत नाही. पोरं खूश होती ना. प्रीतमने पहिल्यांदा न अडखळता अख्खी गोष्ट म्हटली, त्या दिवशी त्याच्या आईला बोलावून ऐकवली मी."

वहीतली वाढ दर आठवड्याला एक, कधी दीड शब्द. कोरे गेलेले शुक्रवार चार. संघमित्राने मनात गुणाकार केला आणि तो तिथेच ठेवला.

जिन्याच्या वळणावर उभं राहून तिने सर्वेशला फोन लावला. तो तिच्या टीमचा प्रमुख. तिच्यापेक्षा तीन वर्षांनी मोठा आणि कायम घाईत.

"बोल. किती झाली?"

"सहा. सर्वेश, संच फुटलाय. मुलांना पत्रक पाठ आहे."

"च्यायला. कोणी फोडला?"

"बाईंनी फोटो काढला. पण फाइल मी सोडून गेले होते. गेल्या महिन्यात."

पलीकडे कुणीतरी रिक्षा थांबवत होतं. "हे दुसरं वाक्य मला ऐकू आलं नाही," सर्वेश म्हणाला.

"परत सांगते."

"नको यार. ऐक ना. निरीक्षकाच्या पोस्टसाठी तुझं नाव मी दिलंय, एप्रिलमध्ये ऑर्डर निघेल. अकरा-अकरा महिन्यांचं कंत्राट किती दिवस करणार तू? आता तीन रस्ते आहेत. एक, तुला काही दिसलंच नाही. तो मी सुचवत नाहीये, फक्त आहे म्हणून सांगतोय. दोन, चाचणी रद्द लिही, कारण 'प्रतिकूल परिस्थिती'. कोणी विचारत नाही. शाळा यादीतून गळते, वर्ग बंद होतो, तू सुटलीस."

"आणि मुलांचं मोजमापच होत नाही."

"नाही होत. तीन, राखीव पाकीट. पण पाकिटाच्या पाठीवर कारण लिहावं लागतं, सहीनिशी. ते वरपर्यंत जातं. आणि समज, तू सगळं खरं लिहिलंस आणि पोरं तरी चाळिसावर अडकली, तर? वर्ग पण गेला आणि तू पण."

"आणि पोचली तर?"

"संघमित्रा, तू सायन्सवाली आहेस ना? आशेवर कशी चाललीस?"

"आशेवर नाही. त्यांच्या वहीत त्रेचाळीस आहे."

"कोणाच्या वहीत?" त्याने विचारलं, पण तिने फोन ठेवला होता.

वर आल्यावर तिने पाकीट उलटं केलं आणि पाठीवरच्या चौकटीत पेनाने लिहिलं: मूळ पत्रक मुलांना पाठ असल्याचे आढळले. फेब्रुवारीच्या तिसऱ्या शुक्रवारी फाइल माझ्या हातून शिक्षकखोलीत पंधरा मिनिटे राहिली. त्या वेळी वर्गशिक्षिकेने पत्रकाचा फोटो घेतला. मग सही केली आणि पेन माधुरीबाईंपुढे धरलं. साक्षीदाराच्या सहीसाठी जागा होती.

बाईंनी चष्मा लावून सगळं वाचलं, एखाद्या मुलाचा निबंध वाचावा तसं.

"पंधरा नाही," त्या म्हणाल्या. "वीस. फाइलची गाठ परत तशीच बांधायला मला पाच मिनिटं लागली."

संघमित्राने पंधरा खोडून वीस केले. बाईंनी सही केली.

"माझं एक ऐकाल? कोणाचे किती आले ते मला सांगू नका. नाहीतर बाहेर माझ्याने बसवणार नाही."

"नाही सांगत."

तिने चिकटपट्टी ओढून काढली. आत एकच पत्रक आणि तिच्यासाठी त्याची प्रत. एका रिक्षात कुणाचीतरी छत्री राहते, त्याची गोष्ट. हे तिने स्वतःही याआधी वाचलं नव्हतं.

मुलं पुन्हा एकेक करून आली. पहिल्या रुचिराने कागद हातात घेतला, तोंड उघडलं आणि थांबली.

"ताई, कावळा कुठंय?"

"आज कावळा सुट्टीवर आहे. हे नवीन आहे. जसं येतं तसं वाच."

"नवीन पाठ नाहीये मला."

"म्हणूनच वाच."

एक्केचाळीस. मग बावन्न. मग सम्यक आला, कपाळावर टाक्यांची फिकट रेघ, आणि "प्रवासी" शब्दापाशी सहा सेकंद झुंजला. संघमित्राला ते सहा सेकंद ऐकू येत होते. मदत करायची नाही, हाही नियम. त्याने शब्द फोडला, जोडला आणि पुढे गेला. अडतीस. प्रीतम, ज्याने सकाळी चौऱ्याण्णव शब्द म्हटले होते, तो पहिल्या दोन ओळी वाचून कावळ्यावर घसरला. स्वतःच जीभ चावून परत आला. चौतीस. त्याच्या पाठोपाठच्या मुलीने त्रेपन्न वाचले आणि खुर्चीवरून उतरताना उडी मारली.

बाहेर व्हरांड्यात माधुरीबाई मुलांच्या बुटक्या बाकावर गुडघे जवळ घेऊन बसल्या होत्या. बाहेर येणाऱ्या प्रत्येक मुलाला त्या एकच प्रश्न विचारत: "गोष्ट कळली का?" मध्येच दत्तारामचा आवाज आला, "बाई, मधल्या सुट्टीची घंटा देऊ का?" आणि बाई म्हणाल्या, "थोडं थांब. आत घड्याळ चालू आहे."

अकरा मुलं झाली. संघमित्राने बेरीज दोनदा केली. चारशे चौऱ्याऐंशी. बारा मुलांची सरासरी पंचेचाळीस व्हायला पाचशे चाळीस हवेत. छप्पन्न राहिले, आणि राहिली एकटी निधी.

ती आली तेव्हा रिबीन बांधलेली होती. दत्तारामने बांधली असावी, गाठ सुतळीची असते तशी होती. या वेळी संघमित्राने सरावाचं पत्रक आधी टेबलाच्या खणात टाकलं, मगच दुसरं मुलीच्या हातात दिलं. दोनदा पाहून घेतलं.

"हे पण पाठ नाहीये मला," निधीने आधीच सांगून टाकलं.

"मला पण नाही. आपण दोघी पहिल्यांदाच वाचतोय. सुरू."

"एका... रिक्षात एक... छत्री राहिली."

बोट कागदावर इतकं दाबलेलं होतं की नखाखालचा भाग पांढरा पडला होता. रिक्षावाल्याने मागे पाहिलं. छत्री निळी होती. तिच्या दांड्यावर नाव... नाव को-र-लेलं... कोरलेलं होतं. संघमित्राच्या उजव्या अंगठ्याखाली स्टॉपवॉचचं बटण होतं. पंचवीस सेकंद. सतरा शब्द. खोलीत तिसरं कोणी नव्हतं. दार लोटलेलं होतं. स्टॉपवॉचचा पडदा तिच्या एकटीकडे होता. दहा-बारा सेकंद उशिरा थांबलेला अंगठा कुणाला दिसणार होता? पाकिटाच्या पाठीवर जे लिहायचं ते तर तिने लिहिलंच होतं. त्याची किंमतही तीच देणार होती.

चाळीस सेकंद. निधीला वेग सापडला होता. वाक्य संपलं की ती मान किंचित हलवत होती, जिन्याची एकेक पायरी उतरावी तशी. रिक्षावाला सिग्नलला थांबला. त्याने छत्री पुढच्या सीटवर घेतली. पंचावन्न. त्याला आठवलं, सकाळी एक आजी...

साठ. अंगठा दाबला गेला.

"थांब" म्हणायचं राहून गेलं. निधी थांबली नव्हती. घड्याळ बंद झाल्याचं तिला कळलंच नव्हतं. आजी बसल्या होत्या. त्यांच्या हातात भाजीची पिशवी होती. संघमित्राने साठाव्या सेकंदाला निधी ज्या शब्दावर होती, तिथे प्रतीवर आडवी रेघ मारली आणि पेन्सिल बाजूला ठेवली.

निधीने मान वर केली. "ताई, झालं का?"

"माझं झालं."

"पण छत्री कोणाची ते राहिलं. पुढचं वाचू?"

"वाच."

ती वाचत राहिली. रिक्षावाला परत त्याच गल्लीत गेला. दोन दारं वाजवली. तिसऱ्या दारात आजी होत्या. शेवटच्या ओळीपर्यंत पोचायला तिला आणखी दीड मिनिट लागलं. पान संपल्यावर तिने पत्रक उलटं करून मागे काही आहे का ते पाहिलं, मग ते टेबलावर ठेवलं आणि बाहेर गेली. लोटलेल्या दारापलीकडे बाईंचा आवाज आला, "गोष्ट कळली का?" आणि निधीचा, "हो. आजींची होती. नाव कोरलेलं होतं."

घंटा झाली.

संघमित्राने खोडरबर, पेन्सिली आणि स्टॉपवॉच पिशवीत भरलं. मग नोंदपत्रकाचा शेवटचा रकाना पेनाने भरला.

क्रमांक बारा, निधी. एका मिनिटात बरोबर वाचलेले शब्द सेहेचाळीस, चुका दोन. जूनमध्ये सहा. बारा मुलांची सरासरी: चव्वेचाळीस पूर्णांक दोन दशांश.